उपासनेची वाट की सायलोसायबिनची : प्रश्न विचारणाऱ्या श्रद्धावंतासाठी

ज्याची श्रद्धा अजून जिवंत आहे, पण तिच्याविषयीचे प्रश्नही आता गप्प बसत नाहीत, अशा माणसासमोर सध्या दोन वाटा ठेवल्या जातात. आहे त्या परंपरेत राहून, नित्याची उपासना न सोडता, प्रश्न उघडपणे विचारत राहणे ही पहिली. त्याच श्रद्धेला सायलोसायबिन (काही भूछत्रांत असणारे द्रव्य), एलएसडी किंवा आयाहुआस्का (ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वनस्पतींचे पेय) यांसारख्या सायकेडेलिक, म्हणजे काही तासांसाठी जाणीव पालटून टाकणाऱ्या, द्रव्याच्या अनुभवाची जोड देणे आणि त्या अनुभवानंतर परंपरेकडे पुन्हा पाहणे ही दुसरी. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे: पहिलीने लहानपणापासून आणि दुसरीने एकदाच, कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली. या द्रव्यांचा परिणाम नेमका कसा होतो, याच्या तपशिलात मी येथे जात नाही. प्रश्न न विचारता श्रद्धा सांभाळण्याचा तिसरा पर्याय मी येथे घेतलेला नाही, कारण ज्याला तो साधतो त्याला या तुलनेची गरज पडत नाही.

हे धर्मात बसतच नाही, असे म्हणून दुसरी वाट बंद करणारे थोडी घाई करतात, असे मला वाटते. ऋग्वेदाचे नववे मंडल सोमाला वाहिलेले आहे. ती वनस्पती नेमकी कोणती यावर अभ्यासकांचे एकमत नसले, तरी मनाला उन्नत अवस्थेत नेणारे एक पेय वैदिक यज्ञात मध्यवर्ती होते हे सूक्तांवरून स्पष्ट दिसते. पतंजलींच्या योगसूत्रांतील कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात, सिद्धी जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी यांपासून मिळतात, असे म्हटले आहे. (त्याआधीच्या विभूतिपादात याच सिद्धींना समाधीतले विघ्न म्हटले आहे, हेही लगेच सांगायला हवे.) उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींनी १९१८ मध्ये ओक्लाहोमात नेटिव्ह अमेरिकन चर्चची रीतसर स्थापना केली, आणि तेथे पेयोटी हे निवडुंग पवित्र मानून विधिपूर्वक सेवन केले जाते. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात रायमुंदो इरिनेउ सेरा यांनी सुरू केलेल्या सांतो दाइमे पंथात आयाहुआस्का आणि ख्रिस्ती प्रार्थना एकत्र नांदतात. एलएसडी, सायलोसायबिन आणि मेस्कलिन (पेयोटीतले मुख्य द्रव्य) यांना सर्वांत कडक अनुसूचीत टाकणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारातसुद्धा, लहान आणि स्पष्टपणे ओळखता येणाऱ्या समूहांच्या पारंपरिक धार्मिक विधींतील रानवनस्पतींसाठी सदस्य देशांना सवलत राखून ठेवण्याची तरतूद आहे. तेव्हा श्रद्धा आणि असे द्रव्य एकत्र राहू शकतात का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने होकारार्थी दिलेले आहे.

मात्र या उदाहरणांकडे नीट पाहिले, तर जेथे दोन्ही सुखाने नांदतात तेथे द्रव्य परंपरेच्या आज्ञेत असते, असे दिसते. ते कधी घ्यायचे, कोणी द्यायचे, त्या वेळी कोणती गीते म्हणायची, हे आधीच ठरलेले असते, आणि जे दिसले त्याचा अर्थ लावण्याचे ओझे एकट्या माणसावर पडत नाही. ज्यांच्या परंपरेत अशी चौकट नाही (आणि बौद्ध पंचशीलात तर मादक पदार्थांपासून दूर राहण्याचेच शील आहे) ते हे द्रव्य बाहेरून आणतात. मग परंपरेतले काय खरे आणि काय टाकाऊ, याचा निवाडा नकळत त्या एका अनुभवाकडे जातो. माझ्या बाबतीत तसेच झाले.

अनुभवाच्या तीव्रतेत दुसरी वाट पुढे आहे, हे मान्य करताना मला संकोच वाटत नाही. १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसायबिन दिले, निम्म्यांना तुलनेसाठी निकोटिनिक ॲसिड, ज्याने जाणीव पालटत नाही. सायलोसायबिन मिळालेल्या बहुतेकांनी गूढानुभव सांगितला, आणि रिक डॉब्लिन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यातही त्यांच्यापैकी बहुतेक जण त्या दिवसाविषयी आदराने बोलत होते. त्याच पाठपुराव्यातून हेही बाहेर आले, की एक विद्यार्थी इतका अस्वस्थ झाला होता की त्याला शांत करणारे औषध टोचावे लागले, आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. ज्यांनी हा प्रयोग केवळ यशाची कथा म्हणून ऐकला आहे, त्यांनी हा भागही लक्षात ठेवावा.

माझ्या अनुभवाला कोणतेही मोजमाप नाही. त्या दुपारी, काही तास, लहानपणापासून जे शब्द म्हणत आलो होतो त्यांचा अर्थ खोलीत माझ्याशेजारी येऊन बसला आहे, असे मला वाटले. मी पुष्कळ रडलो. इतक्या वर्षांच्या उपासनेत असे एकदाही घडले नव्हते, आणि निवड त्या संध्याकाळी करायची असती तर मी निःशंकपणे दुसरी वाट धरली असती.

मला खुपली ती गोष्ट साधारण तीन आठवड्यांनी घडली, आणि वरवर पाहता ती लहानशी होती. ज्यांच्याकडे मी कित्येक वर्षे ग्रंथ वाचायला जात होतो, त्या वयोवृद्ध गुरुजींशी माझा एक जुना वाद होता: ईश्वर दयाळू असेल तर निष्पाप जीवांच्या वाट्याला इतके दुःख का? दर वेळी ते एक बाजू मांडत, मी ती खोडून काढायचा प्रयत्न करीत असे, आणि आम्ही दोघेही पुढच्या भेटीसाठी काहीतरी शिल्लक ठेवून उठत असू. त्या दिवशी त्यांनी विषय काढला आणि मी म्हणालो, "गुरुजी, मी पाहिले आहे. सगळे जसे आहे तसे योग्यच आहे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाहिलेस हे चांगले झाले. पण मग आता तुला विचारायचे काय आहे?" मला काहीही विचारायचे नव्हते. उठून निघाल्यावर माझ्या ध्यानात आले, की "मी पाहिले आहे" हे तेच वाक्य होते, जे ऐकवून माझ्या लहानपणी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने माझे प्रश्न बंद केले होते, आणि ज्याचा राग मी तरुणपणभर बाळगला होता.

पुढचे कित्येक महिने हे असेच चालले. माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते, तो उठायचाच थांबला होता, आणि या दोहोंतला फरक ओळखायला मला फार वेळ लागला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये गूढानुभवाची जी लक्षणे सांगितली, त्यांत आपल्याला काही सत्य कळले आहे अशी खात्री वाटणे हे एक ठळक लक्षण आहे. असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो प्रमाण असतो, इतरांवर तो मानण्याचे बंधन नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. इतरांविषयी हे पटण्यासारखे आहे. माझी अडचण माझ्यापुरतीच होती, कारण त्या अनुभवाची उलटतपासणी घ्यायला माझ्याच मनात कोणी उभे राहत नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सायकेडेलिक विधींना गेलेल्या लोकांच्या जगाच्या स्वरूपाविषयीच्या धारणा जडवादापासून, म्हणजे सारे काही जड द्रव्यच आहे या मतापासून, दूर सरकल्या आणि तो बदल सहा महिन्यांपर्यंत टिकला, असे नोंदवले आहे. श्रद्धावंताला हे वाचून बरे वाटेल, मलाही वाटले. पण युक्तिवादाशिवाय मनात येऊन बसलेली धारणा युक्तिवादाने तपासायची कशी, हे मला तेव्हा सुचत नव्हते आणि अजूनही पूर्णपणे सुचलेले नाही.

असे अनुभव घेतलेल्यांच्या एका चर्चामंडळात मी नंतर काही वेळा गेलो. तेथे एकाला साकार ईश्वर भेटला होता, तर दुसऱ्याला कोणीही नाही, केवळ जाणीव आहे, असे उमगले होते. दोघांनाही सारख्याच आत्मीयतेने मान डोलावून दाद मिळाली. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, असे मी विचारले, तेव्हा मी अजून पुरेसा मोकळा झालेलो नाही, असे मला अत्यंत प्रेमाने सांगण्यात आले. तुझी श्रद्धा कमी पडते, हे जुने उत्तर मला या नव्या ठिकाणी ऐकू येईल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

पहिल्या वाटेवर प्रश्नांचे स्वागतच होते, असे मी म्हणणार नाही. परंपरेत प्रश्न विचारणाऱ्याला घरात, नात्यात आणि उपासनेच्या ठिकाणी किंमत मोजावी लागते, आणि काही ठिकाणी ती इतकी मोठी असते की तेथून बाहेर पडणेच शहाणपणाचे ठरते. तरीही परंपरेच्या पोटात प्रश्नांची जागा मला वाटली होती त्याहून मोठी निघाली. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य गार्गीला बजावतात, की अतिप्रश्न करू नकोस, मस्तक गळून पडेल; गार्गी त्या वेळी थांबते, पण त्याच सभेत पुन्हा उभी राहते आणि आणखी दोन प्रश्न विचारते, आणि हे सारे पुढच्या पिढ्यांनी पाठ करून जपले. हिब्रू बायबलमधील ईयोब ईश्वरालाच जाब विचारतो, आणि शेवटी ईश्वराचा कोप होतो तो ईश्वराचीच बाजू घेणाऱ्या ईयोबाच्या मित्रांवर. अशा ठिकाणी प्रश्न आणि श्रद्धा एकमेकांना धरून चालतात. माझ्या रोजच्या उपासनेत तीव्रता फारशी नाही, पण ती मला दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका घ्यायला मोकळे ठेवते.

म्हणून माझा कौल, फार जोर न देता, पहिल्या वाटेकडे जातो. ज्याची श्रद्धा पूर्ण कोरडी पडली आहे आणि ज्याला शब्दांच्या मागे काही आहे की नाही हेच आठवेनासे झाले आहे, त्याच्या बाबतीत तोल कदाचित दुसरीकडे झुकेल, आणि मी त्याला अडवणार नाही. मात्र स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार असेल, तर ही वाट धरू नये, आणि लिथियम किंवा नैराश्यावरची औषधे चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये; विशेषतः आयाहुआस्का आणि नैराश्यावरची काही औषधे एकत्र आल्यास जिवावर बेतू शकते. कायदा मोडून हे करणे मला योग्य वाटत नाही. आणि जायचेच ठरले, तर आपल्या परंपरेतील ज्या माणसाशी आपला सर्वांत जास्त वाद होतो, त्याला जाण्यापूर्वी सांगून जावे, आणि परतल्यावर महिन्याभराने त्याच्यासमोर बसून त्याला आपली उलटतपासणी घेऊ द्यावी.