‘३०एक्स’ म्हणून गळ्यात मारलेलं अडीच पटीचं भिंग

चाळिशी कधीच लागलेली, आता साठी आली, तरी घड्याळदुरुस्ती सोडवत नाही. अशा माणसाची नड हेरून फसवणारे ऑनलाइन बसलेत, म्हणून लिहितोय.

डोक्याला बांधायचं, दिवा असलेलं भिंग मागवलं. जाहिरातीत ठसठशीत अक्षरांत ‘३०एक्स, ऑप्टिकल ग्लास’. एचएमटी जनता घड्याळ उघडून बसलो, तर स्क्रूच्या खाचेला निळी-पिवळी झालर. हेअरस्प्रिंगचे (केसासारख्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचे) वेढे मधोमध सुटे दिसत, कडेला एकमेकांत मिसळून जात. ‘काच’ निघाली प्लॅस्टिकची; सुती फडक्यानं पुसताच चरे पडले.

खरी लबाडी मात्र आकड्यात आहे. ती घरी पकडता येते. लांबच्या खिडकीसमोर भिंग धरा, मागे कोरा कागद. कागदावर खिडकीचं उलटं चित्र स्पष्ट उमटेल तिथे भिंग ते कागद अंतर मोजा. २५० ला त्या मिलिमीटरनी भागा, की साधारण किती पट ते कळतं. माझं अंतर १०० मिलिमीटर आलं, म्हणजे अडीच पट! काही कंपन्या या हिशेबात १ मिळवतात. मिळवा, तरी साडेतीनच. खरोखर ३०एक्स असतं तर भिंग कामापासून जेमतेम आठ मिलिमीटरवर न्यावं लागलं असतं. मग चिमटा घालणार कुठून? म्हणजे हा आकडा या कामाला मुळात शक्यच नाही, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

परत करायला गेलो तर उत्तर आलं, ‘दिवा लागतोय, वस्तूत दोष नाही.’ नंतर म्हणे, चरे पडलेला माल घेत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तोच आता कामी येतोय. पार्सल उघडतानाचा व्हिडिओही काढत जा.

आणि संगणकाला जोडायच्या ‘१०००एक्स’ मायक्रोस्कोपलाही भुलू नका. स्वस्तातल्या त्या आकड्यात पडद्यावर नुसतं ताणलेलं चित्रही धरलेलं असतं; बारकावे वाढत नाहीत.

रोजच्या स्क्रूकामाला काचेचं ४एक्सचं आयग्लास (एका डोळ्याला लावायचं भिंग) पुरतं. १०एक्स फक्त ज्वेल (चाकांच्या आसाखालचे खडे) आणि पिव्हट (आसाची बारीक टोकं) तपासायला, कारण ते अडीच सेंटीमीटरवर धरावं लागतं. पण त्याआधी डोळे तपासून घ्या आणि काम किती सेंटीमीटरवर धरता ते डॉक्टरांना मोजून सांगा. मोतीबिंदू असला तर कुठलंच भिंग ते धुकं काढत नाही.