व्हॉइसमेल ऑफिसातल्या सर्व्हरवर की क्लाउडवर? बसवून झाल्यानंतरचा विचार

कोणी फोन उचलला नाही तर निरोप रेकॉर्ड करून ठेवणारी सोय, म्हणजे व्हॉइसमेल, बसवायची तर दहा-पंधरा एक्स्टेंशनच्या (ऑफिसातल्या आतल्या फोन नंबरांच्या) ऑफिससमोर आज दोन सरळ पर्याय असतात. एक म्हणजे ऑफिसातच एका छोट्या मशीनवर फ्रीपीबीएक्स हे ऑफिसचे फोन सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकायचं. आत अ‍ॅस्टरिस्क हे फोन जोडणारं मूळ इंजिन चालतं आणि मूळ सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दुसरा म्हणजे एक्सोटेल किंवा मायऑपरेटरसारखी क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोन सेवा भाड्याने घ्यायची. किमतीची तुलना सगळेच करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा: बसवणारा माणूस बिल घेऊन गेला, की पुढे हे सांभाळणार कोण?

स्वतःच्या सर्व्हरवर सगळ्यात मोठं भोक पिनचं असतं. बसवणारा घाईत २०४ नंबरच्या एक्स्टेंशनला २०४ हाच पिन देऊन टाकतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. चोराला हे पक्कं ठाऊक असतं. तो शनिवारी रात्री ऑफिसला फोन लावतो, ग्रीटिंग (फोन करणाऱ्याला ऐकू येणारी रेकॉर्ड केलेली सूचना) सुरू असताना स्टार दाबतो, तोच आकडा टाकतो आणि मेलबॉक्समध्ये, म्हणजे त्या एक्स्टेंशनच्या निरोपांच्या पेटीत शिरतो. तिथून बाहेर फोन लावण्याची सोय (डायलआउट) चालू असेल, तर सोमवार सकाळपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल जात राहतात आणि बिल तुमच्या नावावर फाटतं. फेल२बॅन हे सर्व्हरचं राखणदार सॉफ्टवेअर इथे कामाचं नाही. ते इंटरनेटवरून होणारे हल्ले अडवतं, आणि हा माणूस साध्या फोनवरून आलेला असतो. म्हणून डायलआउट बंद, गरज नसेल तर आयएसडीही बंद, आणि पिन किमान सहा आकडी. चार आकड्यांत दहा हजार शक्यता असतात, सहात दहा लाख. आपल्या एक्स्टेंशनवरून *९७ (स्वतःचा मेलबॉक्स उघडण्याचा नंबर) लावून ० आणि मग ५ दाबलं की प्रत्येकाला स्वतःचा पिन बदलता येतो. हे काम त्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून करून घ्या, नाहीतर कोणी करत नाही.

क्लाउडवर ही डोकेदुखी बरीच कमी होते, कारण सर्व्हर आणि त्याचे अपडेट सेवा देणारा बघतो. पण कुलूप नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. तिथे मेसेज वेब पॅनेलवर ऐकतात, आणि बहुतेक ऑफिसात एकच लॉगिन सगळे वापरतात. नोकरी सोडून गेलेल्यालाही तो पासवर्ड पाठ असतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि ओटीपी, याला पर्याय नाही. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, ते उतरवून घेता येतं का, हे करार करण्याआधी लेखी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर येते. सेवा देणाऱ्याकडे बोट दाखवून सुटका नाही.

मेसेज ईमेलवर पाठवण्याची सोय दोन्हीकडे मिळू शकते. स्वतःच्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवली तर ती बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, त्यामुळे ऑफिसच्या मेल सेवेमार्फतच पाठवावी. साध्या वेव्ह (आवाजाच्या) फाइलचा मिनिटाला साधारण १ एमबी होतो, तेवढं चालतं. मात्र ‘मेल गेल्यावर मेसेज पुसा’ हा पर्याय सुरुवातीला तरी चालू करू नका. एक मेल हरवली की ग्राहकाचा निरोपही गेला.

ग्रीटिंग मालकाने किंवा रोज फोन घेणाऱ्याने स्वतःच्या आवाजात, मराठीत रेकॉर्ड करावं आणि परत फोन कधी येईल ते सांगावं. इतकं पुरे.

ऑफिसात महिन्यातून एकदा तरी सर्व्हरचा लॉग (कॉल आणि लॉगिनची नोंद) उघडून बघणारा माणूस असेल, तर स्वतःचा सर्व्हर जरूर घ्या. मेसेज घरात राहतात आणि हवे तसे बदल करता येतात. असा माणूस नसेल, तर महिन्याचं भाडं द्या आणि क्लाउडवर जा. ‘पुढे बघू कोणीतरी’ म्हणत सर्व्हर बसवणं हा या तिन्हींतला सगळ्यात महाग मार्ग आहे. सर्व्हर आधीच बसलेला असेल, तर आज रात्री घरून ऑफिसला फोन करा, ग्रीटिंगवर स्टार दाबा आणि एक्स्टेंशनचाच आकडा पिन म्हणून टाकून बघा. मेलबॉक्स उघडला, तर पिन लगेच बदला.