ब्रेकचं काम घरी केलं आणि पेडल मऊ राहिलं: हवा काढायची कोणती पद्धत निवडावी?

मागचा व्हील सिलिंडर नवा बसवला किंवा पुढचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलला, चाकं चढवली, ब्रेक दाबला आणि पेडल निम्म्याच्या खाली गेलं, तर लाइनमध्ये हवा राहिली आहे हे बहुतेकांना कळतं. अडतं ते पुढे. कुणाला तरी सीटवर बसवून पेडल मारायचं, निपल (चाकाजवळचा हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) उघडून ऑइल नुसतं गळू द्यायचं, हातपंपाने खेचायचं, वरून ब्रेक ऑइलच्या टाकीवर दाब द्यायचा, की टोचन लावून गाडी गॅरेजला न्यायची?

निवडण्याआधी ती खरंच हवा आहे का ते बघा. इंजिन बंद ठेवून पेडल पटापट चार-पाच वेळा दाबा. प्रत्येक दाबाला ते थोडं वर येत असेल पण पायाखाली लवचिकच लागत असेल, तर हवा आहे. दुसऱ्याच दाबाला वर येऊन घट्ट होत असेल, तर बहुधा मागच्या ड्रममधले शू सैल आहेत. तिथे अ‍ॅडजस्टर फिरवायचा, निपलला हात लावायचा नाही. आणि एकसारखा दाब धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणारा भाग) सील गेलं आहे. तिथे कितीही हवा काढली तरी उपयोग नाही. फक्त पॅड बदलले असतील, निपल किंवा पाइप सोडलाच नसेल, तर हवा शिरायला वाट नसते. मागे ढकललेले पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पहिले काही दाब पेडल तळाला जाणारच. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल मारून वर आणायचं, हे कधीही चुकवू नका.

आणखी एक गोष्ट कॅलिपर बदलणाऱ्यांनी नक्की तपासावी. निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला असायला हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतं, हवा वरच्या पोकळीत अडकते आणि कुठल्याच पद्धतीने निघत नाही.

आता पद्धती. दोघांनी मिळून करायची जुनी पद्धत अजूनही पहिली निवड ठरते, कारण तिला रिंग पाना, पारदर्शक नळी आणि बाटली एवढंच लागतं. आतला पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो, बुडबुडे आले की बंद करतो, आणि तो “सोड” म्हणाला की मगच पाय उचलायचा. हा क्रम एकदा चुकला की निपलमधून हवा परत आत ओढली जाते. ऑइल जोरात सुटतं, त्यामुळे पाइपात अडकलेले बुडबुडेही ढकलले जातात, ही तिची खरी ताकद. धोका जुन्या गाडीला. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग कधी वापरला जात नाही, तिथे गंज आणि गाळ साचतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या खरबरीत भागावर घासतं आणि चांगला मास्टर सिलिंडर त्या दिवशी निकामी होऊ शकतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की हा प्रश्न मिटतो.

ऑइल गळू द्यायची पद्धत सगळ्यात सौम्य आहे आणि सगळ्यात संथही. टाकीचं झाकण सैल करून निपल उघडायचं आणि बसून राहायचं. सीलवर काहीच ताण नाही, पण पाइपच्या उंच वळणात अडकलेला बुडबुडा एवढ्याशा प्रवाहाने हलत नाही. नवा कॅलिपर भरून घ्यायला ती उत्तम. पेडल घट्ट करायला तेवढीच पुरेल असं धरू नका.

निपलवर लावायचा व्हॅक्युम पंप एकट्याने वापरता येतो, म्हणून तो पटकन विकत घेतला जातो. मला ती खरेदी पटत नाही. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. लाइन साफ झाली की नाही हे त्यावरून ओळखता येत नाही. आट्यांना बाहेरून ग्रीस लावलं तर थोडा फरक पडतो. शिवाय ऑइल भराभर खेचलं जातं, आपण चाकाशी असतो, आणि टाकी कोरडी पडली तर काम पहिल्यापासून.

दाबाची बाटली टाकीच्या तोंडाला लावली जाते आणि १० ते १५ पीएसआय दाबाने ऑइल वरून सतत ढकलते. एकट्याने करायचं तर हीच. पेडल हलतच नाही, त्यामुळे सील सुरक्षित, आणि दिसणारे बुडबुडे खरे असतात. अडचण झाकणाची. तुमच्या टाकीला बसणारा अ‍ॅडॅप्टर मिळाला नाही तर ऑइल बाहेर उडतं, आणि ब्रेक ऑइलने गाडीचा रंग उखडतो. म्हणून आधी बाटलीत ऑइल न घालता नुसत्या हवेचा दाब देऊन झाकण धरतंय का ते बघा. वर्षातून एखादंच काम करणाऱ्याने एवढा खर्च करू नये; घरच्या दोन-तीन गाड्यांचं ऑइल स्वतः बदलणाऱ्याने जरूर करावा.

मोटारसायकलच्या पुढच्या डिस्कला वेगळं गणित लागतं. पाइप जवळजवळ उभा असतो आणि हवा आपोआप वर जाते. तिथे सिरिंजने कॅलिपरकडून वर ऑइल ढकलणं सोपं पडतं. फक्त वरची टाकी आधी निम्मी रिकामी करा.

गॅरेजला जाणं कधी टाळू नये, ते एबीएसवर, म्हणजे करकचून ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर ठरतं. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे. नुसता कॅलिपर बदलला आणि टाकी रिकामी झाली नाही, तर घरची पद्धत बहुतेक वेळा पुरते. पण टाकी कोरडी पडली किंवा मास्टर सिलिंडर बदलला, तर हवा एबीएस युनिटच्या बंद वाटांमध्ये शिरू शकते. ती काढायला स्कॅनर लावून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. तिथे विचारताना “स्कॅनरने एबीएस ब्लीड करता का?” असंच विचारा. मोकळ्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारून एबीएस चालवायचा सल्ला ऐकू नका. पेडल मऊ असताना ती जिवाशी गाठ आहे.

कुठलीही पद्धत घ्या, ऑइल नव्या सीलबंद डब्यातलं, आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच. ते हवेतलं पाणी शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा तर वापरूच नये. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते, आणि घाट उतरताना हाच फरक महत्त्वाचा ठरतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. हवा काढायची ती सर्वात लांबच्या चाकापासून. आपल्याकडे मास्टर सिलिंडर सहसा उजवीकडे, म्हणून मागचं डावं चाक आधी. पण बऱ्याच छोट्या गाड्यांची लाइन तिरपी विभागलेली (पुढचं एक चाक आणि समोरच्या बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) असते, तेव्हा मॅन्युअलमधला क्रम पाळा.

एक लिटर ऑइल घालवूनही पेडल मऊच असेल, तर पद्धत बदलण्यात वेळ घालवू नका. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून रबरी पाइप हातात धरा. फुगताना जाणवला तर तो बदला. मग कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का आणि पॅड खाचेत सरळ बसलाय का ते बघा. हेही ठीक असेल, तर मास्टर सिलिंडर तपासून घ्या, आणि तोवर गाडी जागेवरच ठेवा.