जुनी रिव्हॉल्व्हर विकणारा "आधी झाडून बघा" म्हणाला, तर सावध व्हा

इथे टेक्सासमध्ये काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांना हल्ली आपली मराठी माणसंही दिसतात. त्यांच्यातला कुणी जुनी रिव्हॉल्व्हर घ्यायच्या विचारात असेल, तर त्याने हे नीट वाचावं.

या स्पर्धेला दोन सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर वेळी घोडा हाताने चढवावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हर लागतात. १८७३ च्या बांधणीची कोल्ट कंपनीची अस्सल जुनी रिव्हॉल्व्हर परवडत नाही, म्हणून बहुतेक जण इटलीत बनलेली प्रतिकृती घेतात. प्रतिकृती म्हटलं तरी ती शोभेची वस्तू नसते. खऱ्या गोळ्या झाडणारं हत्यार असतं. मला जोडीतली दुसरी हवी होती. परराज्यातल्या एकाची जाहिरात दिसली: उबर्टी या इटालियन कंपनीची कॅटलमन, .४५ कोल्ट नावाच्या गोळीची, ४०० डॉलर. "दहा वर्षांची, जेमतेम वापरलेली, ताब्यात मिळाल्यापासून तीन दिवसांत परत घेऊ." फोटो झकास होते, पण सगळे उजव्या बाजूचे. त्याचं कारण पुढे कळलं.

पैसे पोचले, रिव्हॉल्व्हर आमच्या गावातल्या परवानाधारक दुकानात आली, माझी, म्हणजे खरेदीदाराची, रीतसर तपासणी होऊन माझ्या हाती पडली. त्याच संध्याकाळी विकणाऱ्याचा फोन. अतिशय गोड बोलणं. "नुसती बघून काय कळणार, भाऊ? रेंजवर न्या, झाडून बघा, मग सांगा."

रेंजवर नियमाप्रमाणे पाचच गोळ्या भरल्या, घोड्याखालचं घर रिकामं ठेवलं. पहिले दोन बार ठीक गेले. तिसऱ्या वेळी घोडा पूर्ण चढवला, चापाला बोटही लागलं नव्हतं, अंगठा उचलला आणि बार उडाला. नळी समोर होती म्हणून गोळी पुढच्या मातीत गेली. शेजारच्या रांगेत एक बाई आपल्या मुलाला शिकवत होत्या. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

बंदूक दुरुस्त करणाऱ्याने ती उघडली. घोडा चढल्यावर चापाचं टोक घोड्याच्या ज्या खाचेत अडकतं, ती खाच कुणीतरी कानस मारून जवळजवळ सपाट केली होती. चाप हलका व्हावा म्हणून घरच्या घरी असले उद्योग करतात. फ्रेमच्या डाव्या अंगाला तीन स्क्रू असतात, त्यांची तोंडं पार खाल्लेली होती. म्हणजे ती अनेकदा खोलली गेली होती, आणि फोटोत डावी बाजू का नव्हती तेही उलगडलं. गंजावर बाटलीतला काळा रंग चढवलेला होता. इटलीत प्रत्येक बंदूक चाचणी होऊन शिक्का घेऊन बाहेर पडते, त्या शिक्क्याशेजारी चौकटीत सालाची खूण म्हणून दोन इंग्रजी अक्षरं असतात. हिच्यावर 'बीए' होतं, म्हणजे १९९१. दहा वर्षांची म्हणे!

परत घ्या म्हटल्यावर उत्तर आलं, "परतीची मुदत न झाडलेल्या बंदुकीला असते. तुम्ही झाडलीत." झाडून बघा हे त्याने फोनवर सांगितलं होतं, लेखी कुठेच नव्हतं. मला वाटतं हा त्याचा ठरलेला डाव आहे. पैसे बुडाले त्याहून, घोडा कधीही पडू शकतो असं हत्यार त्याने गुपचूप दुसऱ्याच्या हातात दिलं, याचा मला जास्त संताप येतो.

म्हणून पैसे देण्याआधी डाव्या बाजूचे आणि शिक्क्याचे जवळून काढलेले फोटो मागा. ती अक्षरं कोणत्या सालाची, हे शोधलं की लगेच सापडतं. दुकानात ताबा घेताना, सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः बघून, दुकानदाराच्या परवानगीने घोडा सावकाश चढवा. जुन्या बांधणीत चार खटके स्पष्ट ऐकू येतात. पूर्ण चढल्यावर चापाला हात न लावता घोडा मागून अंगठ्याने पुढे दाबा. पडला, तर तिथेच नकार कळवा. सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा, फार डुगडुगत असेल तर आतले भाग झिजलेले असतात. आणि "झाडून बघा" असा आग्रह झाला, तर झाडल्यावरही परत घेईन हे आधी त्याच्याकडून लिहून घ्या, नाहीतर झाडूच नका.

घोडा आणि चाप मी नवीन बसवून घेतले. जुना घोडा पुरावा म्हणून ठेवलाय. जाहिरातीची प्रत आणि दुरुस्तीवाल्याचा लेखी अभिप्राय जोडून एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे तक्रार केली आहे. असाच माल आणखी कुणाच्या गळ्यात पडला असेल, तर त्यानेही तक्रार करावी.