चुकीची वेलांटी आणि ‘गिम्प’ ३.०

आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमांची पत्रके, फलक आणि क्वचित एखाद्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ करून देण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. वाचनालयाच्या जमाखर्चात सॉफ्टवेअरसाठी रकाना नसल्यामुळे सुरुवातीपासून मी ‘गिम्प’ हा चित्रसंपादनाचा मुक्त आणि मोफत प्रोग्राम वापरत आलो आहे. त्याची २.१० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये आली आणि त्यानंतरची मोठी आवृत्ती, म्हणजे ३.०, निघायला १६ मार्च २०२५ हा दिवस उजाडावा लागला. संगणकावर नव्या आवृत्तीची सूचना झळकली की हल्ली मला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटते, कारण बहुतेक वेळा बटणांच्या जागा बदलतात, चिन्हांचे कोपरे गोल होतात आणि आपले काम होते तितकेच किचकट राहते. ‘गिम्प’च्या बाबतीत मात्र सात वर्षांची वाट सार्थकी लागली, असे मला वापरून झाल्यावर वाटते.

नेमके काय सुधारले हे एका फलकावरून सांगतो. दिवाळीच्या कार्यक्रमाचा मथळा मी मोठ्या टायपात लिहिला, त्याखाली मऊ सावली टाकली, पार्श्वभूमीच्या छायाचित्राला थोडा धूसरपणा दिला आणि नमुना आमच्या ग्रंथपालबाईंकडे पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आले : “दीपोत्सवातला ‘दी’ दीर्घ हवा.” मी ‘दिपोत्सव’ लिहून मोकळा झालो होतो. चित्र एकावर एक ठेवलेल्या थरांचे, म्हणजे लेअरांचे, बनलेले असते. जुन्या आवृत्तीत फिल्टर, म्हणजे सावली किंवा धूसरपणा देणारी क्रिया, लावला की त्याचा परिणाम त्या लेअरच्या चित्रबिंदूंमध्ये कायमचा मुरत असे. मजकुराच्या लेअरवर सावली दिल्यानंतर अक्षर सुधारायला गेले, तर एक तर सावली जात असे किंवा मजकूर हा मजकूर न राहता नुसते चित्र होऊन बसत असे. एका वेलांटीसाठी मथळा पुन्हा लिहायचा आणि सावलीचे अंतर, गडदपणा आणि रंग आठवून सगळे पुन्हा बसवायचे, हा उद्योग मी इतक्या वेळा केला आहे की शुद्धलेखनाचा धाक मला शाळेपेक्षा ‘गिम्प’नेच जास्त घातला.

आता सावली लेअरला चिकटलेली, पण वेगळी राहते. लेअरच्या नावाशेजारी ‘एफएक्स’चे छोटे चिन्ह दिसते, त्यावर टिचकी मारली की लावलेल्या फिल्टरांची यादी उघडते, आणि त्यांतला प्रत्येक तात्पुरता झाकता येतो, वरखाली करता येतो किंवा त्याचे आकडे बदलता येतात. मी मथळ्यात शिरून ‘दि’चा ‘दी’ केला आणि सावली नव्या वेलांटीखाली आपोआप जाऊन बसली. एक्ससीएफ या ‘गिम्प’च्या स्वतःच्या स्वरूपात फाइल जतन केली की ही यादीही तिच्यासोबत राहते, त्यामुळे महिन्याभराने तोच फलक उघडून तारीख बदलणे हे खरोखरच तारीख बदलण्याएवढे काम उरते.

अक्षरांना बाहेरून कड देण्याचेही असेच झाले आहे. पूर्वी मजकुरावरून सिलेक्शन (अक्षरांच्या आकाराचा निवडलेला भाग) काढायचे, ते फुगवायचे, खाली नवा लेअर घालून तो रंगवायचा, आणि शब्द बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आता कड हा मजकुराच्या साधनातलाच एक पर्याय आहे. देवनागरी जोडाक्षरे आणि रफार युनिकोडमध्ये नीट उमटणे हा गुण मात्र ‘गिम्प’मध्ये आधीपासूनच होता, त्याचे श्रेय नव्या आवृत्तीला देणे बरोबर होणार नाही.

एकाच वेळी अनेक लेअर निवडता येणे, चित्र काढताना लेअर अपुरा पडल्यास तो आपोआप वाढवून घेण्याची सोय आणि दाट चित्रबिंदूंच्या पडद्यांवरही मुंगीएवढी न होता नीट दिसणारी चिन्हे, या गोष्टी वाचताना किरकोळ वाटतील, पण दिवसभर काम करणाऱ्याला त्या प्रत्येक तासाला जाणवतात. शेवटची सुधारणा खिडक्या आणि बटणे रेखाटणाऱ्या जीटीके या पायाभूत संचाच्या तिसऱ्या पिढीवर आल्यामुळे झाली. तो संच मुळात ‘गिम्प’साठीच जन्माला आला होता आणि त्याची तिसरी पिढी २०११ मध्येच निघाली होती, हे लक्षात घेतले तर घरच्याच जेवणाला घरधन्याने इतका उशीर केला याचे हसू येते.

उणिवाही आहेत. छापखान्याला लागणाऱ्या सीएमवायके (चार शायांच्या) रंगांत फाइल काढून देता येते आणि छपाईतले रंग पडद्यावर अजमावताही येतात, पण चित्र संपादित होते ते आरजीबी या पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीमध्येच. साधा चौकोन किंवा वर्तुळ काढून नंतर त्याचा आकार बदलण्यासाठी ३.० मध्ये वेगळे साधन नाही. शिवाय आतली रचना बदलल्यामुळे २.१० साठी लिहिलेली जुनी प्लग-इन, म्हणजे वरून जोडायची पूरक साधने, नव्या आवृत्तीत चालत नाहीत. ज्यांचे रोजचे काम अशा एखाद्या प्लग-इनवर अडते, त्यांनी त्याची नवी आवृत्ती निघाल्याची खात्री करूनच पुढे जावे.

नव्याने वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. फिल्टरच्या खिडकीत ‘मर्ज फिल्टर’ नावाची एक चौकट असते. तिच्यावर खूण असली की फिल्टर जुन्या पद्धतीने लेअरमध्ये मुरतो आणि वर सांगितलेली सगळी सोय हातची जाते. माझ्या भाच्याने ‘माझ्याकडे ते एफएक्स दिसतच नाही’ अशी तक्रार केली, तेव्हा त्याच्या संगणकावर हीच खूण सापडली.