आठ महिने, सतरा वाचक: ‘थर्टीन रीझन्स व्हाय’

पुस्तक गेल्या आठवड्यात परत आलं ते दोन तुकड्यांत. शेवटची पंधरा-वीस पानं सुटलेली. ऑनलाइन २९९ रुपयांना घेतलं होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘परतीची मुदत सात दिवस’ एवढंच उत्तर. अकरावीच्या सतरा जणांच्या हातून फिरलेलं पुस्तक झिजणार, हे मान्य. पण पानं अशी गळून पडावीत? शेवटी इथे अमळनेरातच साठ रुपये देऊन दोऱ्याने शिवून घेतलं.

जे अ‍ॅशरची ही कादंबरी २००७ची. मालिकेमुळे कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून एका ओळीतच सांगते: हॅना ही शाळकरी मुलगी आत्महत्या करते, आणि कोणाकोणाच्या वागण्याने ती दुखावली हे तिने आधी कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं; त्या कॅसेट तिच्या शाळेतला क्ले ऐकतो. हॅनाचं बोलणं तिरप्या अक्षरांत आणि क्लेचं सरळ, तेही एकमेकांत मिसळलेलं, त्यामुळे सुरुवातीला अडखळायला होतं. मुलांची अडचण वेगळीच होती. ‘मॅडम, कॅसेटची बाजू म्हणजे काय?’ मग घरून कानबाईच्या गाण्यांची जुनी कॅसेट नेली आणि उलटून दाखवली. सात कॅसेट, तेरा बाजू, चौदावी कोरी, हे तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं.

पहिल्या वाचनानंतर मी पाच तारे दिले होते. एक अफवा, एक यादी, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: ‘मी तर फक्त एवढंच केलं.’ हे फार खरं उतरलंय. पण वर्गात चर्चा झाली तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘गेल्यावर तरी सगळ्यांनी तिचं ऐकलं.’ माझ्या पोटात गोळा आला. हॅना पुस्तकभर बोलत राहते, ती गेली आहे हे वाचणारं पोर विसरूनच जातं. गेलेल्या माणसाला कोणाचा पश्चात्ताप दिसत नाही. आता पुस्तक हातात देण्याआधी मी हे सांगते, आणि आतल्या पुठ्ठ्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ठळक लिहून ठेवलाय. चोवीस तास चालतो, फुकट आहे. तारे साडेतीनवर आणले.

तरीही पुस्तक काढून टाकलं नाही, ते तेराव्या बाजूमुळे. हॅना मदत मागायला शाळेतल्या समुपदेशकाकडे, मिस्टर पोर्टरकडे जाते. झालं गेलं मागे टाक, असाच त्यांचा सूर. ती बाहेर येते आणि ते मागून येतील म्हणून थांबते. दार उघडत नाही.

एका मुलीने पुस्तक तीन आठवडे ठेवून घेतलं होतं. परत आलं तेव्हा याच पानाचा कोपरा दुमडलेला होता. वर्गात ती एकदा ‘माझी वही’ऐवजी अहिराणीत ‘मन्ही वही’ म्हणाली, ते कोणीतरी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं आणि महिनाभर तिची टिंगल चालली. मला माहीत होतं. मी तिला म्हटलं होतं, ‘लक्ष देऊ नकोस.’ पोर्टरहून काय वेगळं बोलले मी?

त्याच संध्याकाळी स्टँडवर गेले. ती पारोळ्याच्या गाडीची वाट बघत होती. आधी ‘काही नही मॅडम’ म्हणाली. एक गाडी गेली, दुसरी गेली, मग बोलायला लागली. मरावंसं वाटतं का, हेही मी सरळ विचारलं. ती रडली, ‘कधी कधी’ म्हणाली. तिला गाडीत एकटी बसवलं नाही, घरापर्यंत गेले आणि तिच्या आईशी बोलले. आता ती समुपदेशनाला जाते. ते रेकॉर्डिंग ग्रुपवरून काढायला लावलं, मुख्याध्यापकांसमोर.

कादंबरीच्या अगदी शेवटी क्ले कॉरिडॉरमध्ये स्काय नावाच्या एकट्या पडलेल्या मुलीच्या मागे जातो आणि तिला हाक मारतो. सुटलेली पानं नेमकी तीच होती. बाइंडरला म्हटलं, इथे दुहेरी टाके घाला.