काचपेटी की जाळीचा पिंजरा? बोरच्या पाण्यावर शॅमेलिऑन पाळताना

शॅमेलिऑनसाठी, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यासाठी, घर घ्यायला गेलं की दुकानदार आधी काचेचं टेरॅरियम पुढं करतो. दिसतंही देखणं. मी ते पावणेदोन वर्षं वापरलं. आता आमचे नाना जाळीच्या पिंजऱ्यात राहतात. हा लातूरचा अनुभव आहे; तुमच्याकडचं हवापाणी वेगळं असेल तर तेवढं कमीजास्त धरा.

नाना व्हेल्ड जातीचे, मूळचे येमेन-सौदीकडचे, केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेले. बांधावरच्या बाभळीवरून आपला देशी शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, उचलून आणायचा बेत असेल, तर तो सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

काचेचे गुण मी नाकारत नाही. आपल्याकडं मार्च लागला की पानावर फवारलेलं पाणी पाठ वळेपर्यंत सुकतं; काचपेटीत ओल बराच वेळ टिकायची. खायला सोडलेले रातकिडेही घरभर पसरत नाहीत. परभणीतला माझा मावसभाऊ अजून काचच वापरतो. तिथं डिसेंबरात पारा एक आकडी होतो, त्यामुळं त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

मी काच उन्हाळ्यामुळं सोडली, असं सगळ्यांना वाटतं. एप्रिलमध्ये उबेचा बल्ब लावला की वरची फांदी अन् तळाचा गार कोपरा यांत फरक उरायचा नाही, हे खरं. पण बल्बाची वेळ कमी करून ते निभावत होतं.

निभावलं नाही ते क्षाराचं. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणजे दिवसातून दोनतीनदा फवारणी आलीच. बोरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब काचेवर पांढरा ठिपका सोडून जातो. आठवड्यात काच दुधी. मग रविवारी व्हिनेगर, लिंबाची साल, जुना पेपर घेऊन घासत बसायचं, अन् त्यासाठी नानांना बाहेर काढायचं. हात दिसला की ते काळे पडत, फुगत, तोंड वासून फिस्कारत. सोमवारी अन्नाला शिवत नसत. मग जारचं पाणी आणलं. आई म्हणाली, "आपण बोरचं प्यायचं अन् सरड्याला जारचं?" २०१६ साली ज्या गावानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यालं, तिथं यावर काय बोलणार! बरं, काच लख्ख झाली की त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसून नाना दुसरा नर आल्यासारखे भडकायचे. काच मळकी असली तर आम्हाला ते दिसत नाहीत, स्वच्छ असली तर त्यांना स्वतःच दिसतात.

शेवटी स्लायडिंग खिडक्यावाल्याकडून दोन बाय दोन, चार फूट उंच अशी ॲल्युमिनियमची चौकट करून घेतली. जाळीही ॲल्युमिनियमचीच सांगा. फायबरची मच्छरजाळी रातकिडे कुरतडतात. रंग काळा घ्या, आतलं नीट दिसतं. कडांना बीडिंग लावून घ्या, नाहीतर नखं अडकतात. क्षार इथंही बसतो, पण नजरेत येत नाही. दीडदोन महिन्यांनी पिंजरा गच्चीवर नेऊन पाइपनं धुतला की झालं.

जाळीत ओल टिकत नाही, हे मान्य. मागची अन् एक बाजू मी गल्लीतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा लावून झाकली आहे. आत मनीप्लांट अन् जास्वंद. नाना दोन्हींची पानं अधूनमधून खातात. उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो, त्याचा झोत मात्र पिंजऱ्यावर येऊ देत नाही. किडे घरीच वाढवतो. कापूस-सोयाबीनच्या रानातले नाकतोडे फुकट मिळतात, पण त्यांच्यावर कसली फवारणी झालेली असते कोण जाणे.

आणखी एक फायदा मला नंतर कळला. काचेतून यूव्हीबी किरण (उन्हातले, सरड्याच्या हाडांना लागणारे) जवळजवळ येतच नाहीत अन् काचपेटी उन्हात ठेवणं म्हणजे प्राणी शिजवणं. जाळीचा पिंजरा मी सकाळी सात-साडेसातला गॅलरीत सरकवतो, अर्धा भाग सावलीत ठेवून. नाना अंग चपटं करून ऊन घेतात. यूव्हीबीची ट्यूब आहेच, तरी त्या अर्ध्या तासात त्यांचा रंग जो खुलतो तो ट्यूबखाली मला कधी दिसला नाही.

मुंग्यांचा त्रास तेवढा वाढला. म्हणून पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत. आई त्याला आता दुभत्याचं कपाट म्हणते.